उबुंटूवर कर्नल अपडेट झाल्यावर स्क्रीन काळी पडली. कर्नलचे अपडेट कायमचे बंद करावेत का?

तुमची अडचण मला कळली ती अशी: लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ ही लिनक्स सिस्टीम आहे. काही दिवस 'बूट'मध्ये जागा उरली नसल्याची सूचना येत होती, ती तुम्ही पुढे ढकललीत. परवा अपडेट करून मशीन रीस्टार्ट केलं, तर लोगोनंतर स्क्रीन काळी आणि वरच्या कोपऱ्यात नुसता कर्सर लुकलुकतोय. म्हणून तुम्ही विचारताय की कर्नलचे, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये बसणाऱ्या सिस्टीमच्या गाभ्याचे, अपडेट कायमचे बंदच केले तर काय बिघडेल.

बंद करू नका. का ते सांगतेच, पण आधी मशीन चालू करून घेऊ.

पॉवर बटण दाबा आणि कंपनीचा लोगो दिसून जाताच एस्केप की दाबा. जुन्या बायोसचं मशीन असेल तर त्याऐवजी शिफ्ट धरून ठेवायची. एस्केप एकदाच दाबा. घाईत दोन-तीनदा दाबली गेली तर मेनूऐवजी 'ग्रब' (मशीन सुरू होताना कर्नल निवडून देणारा प्रोग्रॅम) असं लिहिलेली काळी पाटी समोर येते; तसं झालंच तर मशीन पुन्हा चालू करा आणि परत प्रयत्न करा. मेनू आला की 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू' या ओळीवर एंटर मारा. आत प्रत्येक कर्नलच्या दोन-दोन ओळी असतात, एक साधी आणि तिच्याखाली 'रिकव्हरी मोड' लिहिलेली. सर्वांत वरची जोडी नव्या कर्नलची. ती सोडून तिच्याखालच्या जोडीतली साधी ओळ निवडा. दहापैकी नऊ वेळा तुमचा नेहमीचा डेस्कटॉप समोर येतो, फाइल्स, वॉलपेपर, सगळं जागच्या जागी.

हे जमतं, कारण नवा कर्नल जुन्याला पुसून त्याच्या जागी बसत नाही, तो शेजारी बसतो. ब्राउझर अपडेट झाला की जुना ब्राउझर संपला. कर्नलच्या पॅकेजच्या मात्र नावातच आवृत्ती असते, उदाहरणार्थ 'लिनक्स-इमेज-६.८.०-४५-जेनेरिक'. पुढचा आला की त्याचं नावच वेगळं, म्हणून डिस्कच्या दृष्टीने ती दोन वेगळी पॅकेजं. त्यांच्यावर एक छोटं पॅकेज असतं, ज्यात कर्नल नसतोच. 'सध्या सर्वांत नवा अमुक आहे, तो आणा' एवढंच त्याचं काम. कर्नलच्या अपडेटबाबत माझं सांगणं एकच आहे: परतीची वाट शाबूत ठेवा आणि ती कुठून जाते ते संकट येण्याआधी पाहून ठेवा. त्या मेनूत एकदा सहज फिरून आलेला माणूस काळ्या स्क्रीनला घाबरत नाही.

आता तुमची स्क्रीन काळी का पडली असेल? लिनक्सच्या जगात एक नियम लिनक्स कर्नलचे जनक लिनस टॉरव्हल्ड्स फार कडकपणे पाळायला लावतात: कर्नल बदलल्यामुळे वापरणाऱ्याचा चालता प्रोग्रॅम मोडता कामा नये. त्यामुळे ऑफिस, ब्राउझर, संपादक वगैरेंना कर्नल बदलल्याची सहसा खबरही नसते. मोडतं ते बहुधा कर्नलच्या मूळ कोडबाहेर वाढलेलं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला वरून जोडला जाणारा तुकडा: मालकीचा ग्राफिक्स ड्रायव्हर, एखाद्या वाय-फाय चिपचा ड्रायव्हर, व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं मॉड्यूल. असं मॉड्यूल प्रत्येक नव्या कर्नलसाठी सोर्स कोडपासून नव्याने बांधावं (कंपाइल करावं) लागतं.

याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. एका लॅपटॉपच्या वाय-फाय चिपला तयार ड्रायव्हर नव्हता, म्हणून सोर्स उतरवून मी हाताने बांधला आणि बसवला. दोन महिने तो उत्तम चालला. मग एका संध्याकाळी अपडेटनंतर मशीन सुरू झालं आणि वरच्या पट्टीतलं वाय-फायचं चिन्हच गायब. दुसऱ्या दिवशी सकाळी काम द्यायचं होतं आणि इंटरनेट नाही. तासभर राउटर, सेटिंग्ज, केबल असं सगळं तपासलं. शेवटी /लिब/मॉड्यूल्स फोल्डर उघडलं तेव्हा उलगडलं: तिथे प्रत्येक कर्नलचं स्वतंत्र फोल्डर असतं, आणि मी बांधलेली फाइल फक्त जुन्या कर्नलच्या फोल्डरमध्ये पडून होती. नव्याला तिचा पत्ताच नव्हता. जुन्या कर्नलने मशीन सुरू केलं, वाय-फाय परत आलं, काम वेळेत गेलं. त्यानंतर तो ड्रायव्हर मी डीकेएमएसमध्ये नोंदवला. डीकेएमएस म्हणजे नवा कर्नल आला की नोंदवलेली मॉड्यूल आपणहून बांधून देणारी व्यवस्था. तेव्हापासून त्या मशीनवर ही वेळ पुन्हा आली नाही.

म्हणून जुन्या कर्नलमध्ये शिरल्यावर टर्मिनल उघडा. (कमांड इथे देवनागरीत लिहितेय, टंकताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरा.) 'युनेम -आर' दिल्यावर चालू कर्नलचा आकडा दिसेल, तो कागदावर लिहून ठेवा. मग 'डीकेएमएस स्टेटस' द्या. प्रत्येक मॉड्यूलची कर्नलनुसार एकेक ओळ येते आणि ओळीच्या शेवटी 'इन्स्टॉल्ड' असं हवं. जुन्या कर्नलपुढे ते असेल आणि नव्याची ओळच नसेल, तर चोर सापडला. अशा वेळी नव्या कर्नलच्या हेडर्सचं (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइल्सचं) पॅकेज आलंय का ते पाहा. हेडर्सशिवाय मॉड्यूल बांधता येत नाही.

अजून एक शक्यता सिक्युअर बूटची, म्हणजे सुरू होताना फक्त विश्वासू सही असलेलाच कोड चालू देणाऱ्या सोयीची. ते चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. उबुंटू ड्रायव्हर बसवताना तुमच्याकडून एक पासवर्ड ठरवून घेतो आणि पुढच्या रीस्टार्टला एक निळी पाटी येते. तिथे 'एनरोल एमओके' (तुमच्या मशीनची सहीची किल्ली नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. वरचीच ओळ 'कंटिन्यू बूट' असल्यामुळे बरेच जण सवयीने एंटर मारतात आणि ड्रायव्हर बाहेरच राहतो.

पण तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय त्या जागेच्या सूचनेवर आहे. डिस्क एन्क्रिप्ट करून उबुंटू बसवलं की /बूट, म्हणजे कर्नल ठेवायची जागा, हे डिस्कचं वेगळं, लहानसं पार्टिशन होतं. कर्नलची फाइल स्वतः फार मोठी नसते. जागा खाते ती तिच्या जोडीची 'इनिटआरडी' फाइल, जी मशीन सुरू होतानाचे ड्रायव्हर पोटात घेऊन बसते. ग्राफिक्सचं फर्मवेअर आत आलं की एकेक फाइल शंभर एमबीच्या आसपास किंवा पुढेही जाते. चार-पाच कर्नल साठले की पार्टिशन भरतं, नव्या कर्नलची जोडफाइल अर्धवट राहते आणि मशीन सुरू होत नाही.

इथे हात आवरायचा. /बूटमध्ये जाऊन फाइल्स थेट उडवू नका. पॅकेज व्यवस्थेला त्या अजून आहेत असंच वाटत राहतं आणि पुढचं प्रत्येक अपडेट अडखळतं. 'डीपीकेजी -एल' दिलेल्या यादीत 'लिनक्स-इमेज'ने सुरू होणारी नावं शोधा. ज्या ओळींच्या सुरुवातीला 'आयआय' आहे ते कर्नल खरोखर बसलेले आहेत. कागदावरचा चालू आकडा सोडून, सर्वांत नवाही सोडून, सर्वांत जुना 'सुडो एपीटी पर्ज' आणि त्याचं पूर्ण नाव देऊन काढा. मग 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' द्या, अर्धवट राहिलेलं काम पुढे सरकतं. पॅकेजं तुटल्याची तक्रार आली तर 'सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. शेवटी 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह'. ही कमांड चालू कर्नलला आणि सर्वांत नव्याला हात लावत नाही, त्यामुळे महिन्यातून एकदा निर्धास्त चालवा. 'डीएफ -एच /बूट'मध्ये किमान दोन नवे कर्नल मावतील एवढी जागा मोकळी दिसली की सुटलात.

आता मूळ प्रश्न, कायमचं बंद करण्याचा. २०२२च्या मार्चमध्ये 'डर्टी पाइप' नावाची त्रुटी जाहीर झाली. फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलमध्ये साध्या वापरकर्त्याला लिहिता येत होतं, म्हणजे तिथून थेट रूटचे, म्हणजे मशीनवरचे सर्वोच्च, अधिकार. कर्नल ५.८पासून ती आत होती आणि ५.१६.११, ५.१५.२५, ५.१०.१०२ या आवृत्त्यांत दुरुस्त झाली. २०१६मध्ये उघड झालेली 'डर्टी काऊ' तर २००७पासून कर्नलमध्ये दडलेली होती. अशा दुरुस्त्या अपडेटमधूनच येतात. ज्या मशीनवर तुम्ही बँकेची साइट उघडता, त्यावर त्या नाकारणं मला पटत नाही.

उलट बाजूही खरी आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. २०२२मध्येच ५.१९.१२ या आवृत्तीत इंटेलच्या ग्राफिक्स कोडमध्ये अशी चूक शिरली की काही लॅपटॉपांच्या पडद्याला इजा होण्याचा धोका होता, ५.१९.१३ तातडीने काढावी लागली. २०२३च्या डिसेंबरमध्ये डेबियन (उबुंटू ज्यावर बेतलंय ती लिनक्स सिस्टीम) १२.३ ऐन वेळी थांबवलं गेलं, कारण त्यातल्या ६.१.६४ कर्नलमुळे एक्स्ट४ फाइल सिस्टीमवरचा डेटा बिघडू शकत होता. १० डिसेंबरला दुरुस्त कर्नलसह थेट १२.४ आलं. डेबियनसारख्या सावध मंडळींकडेही हे होतं. दोन्ही वेळा ज्यांनी दुरुस्ती येईपर्यंत थांबून अपडेट केलं त्यांना झळ लागली नाही.

म्हणून माझी रीत अशी. त्याच मालिकेतले छोटे अपडेट, म्हणजे ६.८.०-४५वरून ६.८.०-४७ वगैरे, आल्यापासून दोन-तीन दिवसांत घेते. मालिकाच बदलत असेल तर आठवडाभर थांबते आणि हातात महत्त्वाचं काम नसेल असा दिवस निवडते. मालिका का बदलते, तर उबुंटूच्या डेस्कटॉपला साधारणपणे 'एचडब्ल्यूई' (नव्या हार्डवेअरसाठी अधूनमधून पुढच्या मालिकेवर जाणाऱ्या) वाटेचा कर्नल मिळतो. २४.०४ निघालं ६.८ घेऊन, पण या वाटेवर पुढे ६.११ आणि मग ६.१४ आला. नव्या हार्डवेअरला याची गरज असते. मशीन तीन-चार वर्षं जुनं असेल आणि सगळं नीट चालत असेल, तर ६.८वरच राहण्याची दुसरी वाट मला जास्त आवडते: 'लिनक्स-जेनेरिक' पॅकेज बसवायचं, 'लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४' काढायचं, मेनूतून ६.८ निवडून मशीन सुरू करायचं आणि मगच वरच्या मालिकेचे कर्नल पर्ज करायचे. ते राहिले तर ग्रब मोठा आकडा बघून त्यांनाच पुढे करतो. कर्नल डॉट ऑर्ग या कर्नलच्या मूळ साइटवर ६.८ मालिका संपलेली दिसेल, त्याने बिचकू नका. उबुंटूची टीम तिच्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या स्वतः घालत राहते.

एखादा कर्नल खरोखरच त्रास देत असेल तर थोड्या दिवसांसाठी 'सुडो एपीटी-मार्क होल्ड' (पॅकेजचं अपडेट रोखून धरणारी कमांड) वापरायला हरकत नाही. तो आवृत्तीच्या पॅकेजवर न लावता वर सांगितलेल्या छोट्या पॅकेजवर लावायचा, नाहीतर पुढचा कर्नल येतोच. आणि कॅलेंडरमध्ये तारीख टाका. होल्ड लावून विसरलेली मशीन मी पाहिली आहेत, वर्षवर्षभर एकही दुरुस्ती न घेतलेली.

अपडेट घेतलं म्हणजे ते लागू झालं असंही नाही. रीस्टार्ट होईपर्यंत जुनाच कर्नल चालू असतो. लॅपटॉपचं नुसतं झाकण मिटून ठेवणाऱ्यांचं मशीन आठवडेच्या आठवडे त्याच कर्नलवर राहतं. /व्हार/रन फोल्डरमध्ये 'रीबूट-रिक्वायर्ड' नावाची फाइल दिसली की रीस्टार्ट बाकी आहे असं समजा. रीस्टार्ट न करता चालू कर्नलमध्येच दुरुस्ती घालणाऱ्या लाइव्हपॅचची सोय आहे, पण तो मोजक्या गंभीर त्रुटींपुरता असतो. डेस्कटॉपला रीस्टार्टच सोपा.

कुणी दुसरं डिस्ट्रो (लिनक्सचा दुसरा अवतार) वापरणारं हे वाचत असेल तर थोडक्यात: मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये कर्नलची स्वतंत्र खिडकी आहे, ती छान आहे. फेडोरा मूळ सेटिंगप्रमाणे तीन कर्नल ठेवतो. आर्च मात्र जुना कर्नल काढूनच नवा बसवतो, त्यामुळे तिथे 'लिनक्स-एलटीएस' (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारा कर्नल) शेजारी बसवून ठेवा. आर्चवर अपडेटनंतर रीस्टार्ट न करता पेनड्राइव्ह लावला आणि तो दिसलाच नाही, तर पेनड्राइव्ह बिघडलेला नसतो. चालू कर्नलची मॉड्यूल डिस्कवरून गेलेली असतात.

तुम्ही आज एवढंच करा: जुन्या कर्नलने सुरू करा, /बूट मोकळं करा, अर्धवट काम पुरं होऊ द्या, मग नव्या कर्नलने एकदा सुरू करून बघा. तरीही स्क्रीन काळीच राहिली तर परत जुन्यावर या आणि 'जर्नलसीटीएल -के -बी -१' द्या. फसलेल्या वेळची कर्नलची नोंद त्यात मिळते. त्यातल्या लाल ओळी आणि 'डीकेएमएस स्टेटस'चं उत्तर खाली टाका, मी पाहते.