पॅक्लिटॅक्सेल सुरू होण्यापूर्वी
पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरील केमोच्या औषधाच्या पहिल्या डोसआधीच डॉक्टरांना हातपाय थंड ठेवण्याविषयी विचारा, कारण या औषधाने हातापायांत येणाऱ्या मुंग्या आणि बधिरपणा एकदा मुरला की तो महिनोन्महिने, कधी कायमचाही राहतो. गारव्याने बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात व नसांच्या टोकांपर्यंत औषध कमी पोहोचते, असा यामागचा विचार आहे. अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, तरीही मला हा उपाय करून पाहण्याजोगा वाटतो. गोठवलेले हातमोजे आणि पायमोजे साधारणपणे औषध सुरू होण्याच्या 15 मिनिटे आधी चढवून ते संपल्यावर आणखी 15 मिनिटे ठेवतात, आणि मधेच त्यांचा गारवा उतरत असल्याने दुसरी जोडी तयार हवी. आत पातळ सुती मोजे असू द्या. त्वचा पांढरी पडली तर लगेच काढा. थंडी सोसवत नसेल, तर एक माप लहान असे सर्जिकल हातमोजे एकावर एक दोन चढवून दाब देण्याचा पर्याय विचारा. ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचे दुसरे औषध चालू असेल तर मात्र गारवा स्वतःहून मुळीच करू नका, कारण थंडीनेच त्याच्या मुंग्या उसळतात. बटण लावताना बोटे अडखळली, तर त्याच दिवशी कळवा; मी ‘एवढे चालायचेच’ म्हणून केमोच्या दोन फेऱ्या गप्प राहिले, आणि बोलले असते तर डोस बदलण्याचा विचार तेव्हाच झाला असता, ही खंत अजून जात नाही.