शिष्यवृत्तीचं पत्र आलंय, कॅपची फेरी बाकी आहे: पैसे भरावेत की थांबावं?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा माजलगावचा, बारावी लातूरला, इंजिनिअरिंगची सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) चांगली गेलेली. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटकाचं) प्रमाणपत्र आहे, घरचं उत्पन्न साडेतीन लाख, शेती चार एकर. पुण्याच्या एका खासगी विद्यापीठाने ४० टक्के मेरिट शिष्यवृत्तीचं पत्र दिलंय आणि सात दिवसांत पैसे भरा म्हणतात. इकडे कॅपची, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेश प्रक्रियेची, फेरी लागायची आहे. केंद्राच्या शिष्यवृत्तीचा निकाल कधी लागेल याचाही पत्ता नाही. थांबायचं कशासाठी आणि किती, हे तुम्हाला कळत नाहीये.

आधी एक गोष्ट पक्की धरा. इंजिनिअरिंगला आपल्याकडे खरी सवलत मिळते ती शिष्यवृत्तीच्या निकालाने नाही, सीट कोणत्या प्रकारची आहे त्यावर. कॅपमधून मिळालेली सीट, टीएफडब्ल्यूएसची (शिक्षण शुल्क माफ असलेली) सीट, मॅनेजमेंट कोट्याची सीट, खासगी विद्यापीठाची सीट या चारही सीटांचा हिशेब वेगळा होतो. सीट एकदा पक्की झाली की नंतर मार्क कितीही असोत, हा हिशेब बदलता येत नाही.

केंद्राच्या शिष्यवृत्तीचं आधी सांगते, कारण तिच्याकडे डोळे लावून बसणारी घरं फार आहेत. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरची ही योजना बारावीला आपल्या शाखेत बोर्डाच्या वरच्या २० टक्क्यांत असलेल्या आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या मुलांसाठी आहे. बी.टेक.ला पहिली तीन वर्षं दरसाल १२,००० आणि चौथ्या वर्षी २०,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ५६,०००. पुढच्या वर्षी ती चालू ठेवायला ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी लागते. पण खरी अट पुढे आहे: राज्याची शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेणाऱ्याला ही मिळत नाही. राज्याच्या ईबीसी सवलतीत, म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत, कॅपने प्रवेश घेतलेल्या आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलाचं अर्धं शिक्षण शुल्क सरकार भरतं. शिक्षण शुल्क १,३०,००० असेल तर वर्षाला ६५,००० आणि चार वर्षांत २,६०,००० होतात. एकीकडे ५६ हजार, दुसरीकडे दोन लाख साठ हजार. तेव्हा त्या निकालासाठी कोणताच निर्णय अडवू नका. कॅपमधून सीट मिळाली नाही तर पोर्टलवर अर्ज जरूर भरा, नोंदणी आधी करून ठेवायलाही हरकत नाही.

आता पुण्याच्या पत्राकडे वळू. ४० टक्के हा आकडा मोठा दिसतो, पण ४० टक्के कशाचे, हे आधी बघा. तुम्ही लिहिलेल्या आकड्यांवर मांडते. शिक्षण शुल्क ३,२०,०००. त्यातून ४० टक्के वजा केले की १,९२,००० राहतात. इतर फी ३५,००० आणि हॉस्टेल-मेस १,४०,०००, त्यावर सूट नाही. वर्षाचे झाले ३,६७,००० आणि चार वर्षांचे १४,६८,०००. तेही फी एका रुपयाने वाढली नाही आणि शिष्यवृत्ती चारही वर्षं टिकली तर. पहिल्याच वर्षानंतर ती गेली, तर पुढच्या तीन वर्षांना दरसाल १,२८,००० जास्त, म्हणजे एकूण १८,५२,०००.

दुसरीकडे समजा कॅपमधून एक बऱ्यापैकी खासगी कॉलेज मिळालं. शिक्षण शुल्क १,३०,०००, विकास शुल्क १५,०००, खोली आणि मेस मिळून ९०,०००. ईबीसी सवलत धरून वर्षाचे १,७०,००० आणि चार वर्षांचे ६,८०,००० होतात. त्याच कॉलेजात टीएफडब्ल्यूएसची सीट मिळाली तर वर्षाला १,०५,००० आणि चार वर्षांत ४,२०,०००. आकडे तुमच्या यादीतल्या कॉलेजांप्रमाणे बदला, मांडणी हीच ठेवा. कॅपमधल्या खासगी कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजवार मिळते. कॉलेजचा माणूस फोनवर सांगेल तो आकडा वहीत लिहू नका.

खासगी विद्यापीठात ईबीसी का लागत नाही, हे बऱ्याच पालकांना प्रवेश झाल्यावर कळतं. शासनाच्या निर्णयात खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं सरळ वगळलेली आहेत. जुलै २०२४ च्या निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं पूर्ण शिक्षण शुल्क माफ झालं, त्यातही हीच मर्यादा आहे. इथे नावावर जाऊ नका. पुण्याचं सीओईपी हे अभियांत्रिकी कॉलेज २०२२ पासून विद्यापीठ आहे, पण ते सरकारी, त्यामुळे प्रवेश कॅपनेच होतो. उलट काही जुनी कॉलेजं आता खासगी विद्यापीठाचा भाग झाली आहेत. इमारत तीच, शिकवणारेही तेच, पण सवलतीचा हिशेब पूर्ण वेगळा. कॉलेजला विचारायचं एवढंच: "तुमची ही सीट सीईटी सेलच्या कॅपमध्ये आहे का, आणि महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) ईबीसीसाठी तुमचं कॉलेज दिसतं का?" होय-नाहीत उत्तर मिळालं नाही तर ते नाही समजा. मॅनेजमेंट कोट्याच्या सीटलाही ईबीसी नाही, कॉलेज कॅपमधलं असलं तरी.

टीएफडब्ल्यूएसबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्या भागातले पालक ते नुसतं ऐकून सोडून देतात. मार्कांवर मिळणारी राज्यातली सगळ्यात मोठी फीमाफी हीच आहे. प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा असतात, म्हणजे ६० च्या शाखेत तीन. उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं. शिक्षण शुल्क चारही वर्षं माफ. विकास शुल्क आणि इतर फी भरावी लागते. तीनच जागा असल्याने कटऑफ त्याच शाखेच्या ओपनपेक्षा वर जातो. आणि या सीटवर नंतर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही, म्हणून नुसती फी माफ आहे म्हणून नको असलेली शाखा टाकू नका.

चुका होतात त्या ठराविक दोन. कॅपचा अर्ज भरताना टीएफडब्ल्यूएस हवं का, या प्रश्नाला 'नाही' केलेलं असतं किंवा उत्पन्नाचा दाखला जोडलेला नसतो. मग पर्याय भरताना त्या जागा दिसतच नाहीत. दुसरी चूक कोडची. टीएफडब्ल्यूएसच्या पर्यायाचा कोड वेगळा असतो आणि त्याच्या शेवटी 'टी' हे इंग्रजी अक्षर असतं. एकाच कॉलेजच्या एकाच शाखेचे दोन पर्याय भरायचे असतात, 'टी'चा वर आणि साधा त्याच्या खाली. साधा वर राहिला तर तो मिळेल आणि 'टी'चा विचारच होणार नाही.

पर्यायांचा क्रम आता जास्तच जपून लावायला हवा. २०२५-२६ च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो आपोआप पक्का, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही. 'बघू पुढच्या फेरीत' म्हणून वरच्या सहात भरीचं नाव टाकलं तर तिथेच अडकाल. यंदाची माहितीपुस्तिका काढून या नियमाचं पान मुलाला मोठ्याने वाचायला लावा.

मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर आहे. तिच्यात प्रत्येक शाखेखाली रकाने असतात. आकडा वरचा तो मेरिट क्रमांक, कंसातला पर्सेंटाइल. रकान्याच्या नावाचं शेवटचं अक्षर 'एच' असेल तर ते होम युनिव्हर्सिटीचं, 'ओ' म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाचं, 'एस' म्हणजे राज्यस्तरावरचं. टीएफडब्ल्यूएस आणि ईडब्ल्यूएसचे रकाने स्वतंत्र असतात, तुम्ही तेही बघायचे. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रात झालेल्या मुलाची होम युनिव्हर्सिटी बारावीच्या कॉलेजच्या पत्त्यावरून ठरते, गावावरून नाही. तुमचं गाव बीड जिल्ह्यात, म्हणजे संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या हद्दीत. पण बारावी लातूरच्या कॉलेजातून झाली, म्हणून त्याची होम युनिव्हर्सिटी नांदेडची. ज्या कॉलेजांना 'एच' आणि 'ओ'चे रकाने आहेत, तिथे 'एच'चा त्याला लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोलीच्या कॉलेजांना लागेल, संभाजीनगरला 'ओ'चा. लातूरला फक्त क्लास आणि बारावीचा प्रवेश माजलगावच्या कॉलेजात असेल, तर बरोबर उलट. गुणपत्रिकेवर कॉलेज कोणतं आहे ते बघून घ्या.

कॉलेज तोलताना पॅकेजच्या जाहिरातीवर वेळ घालवू नका. एनआयआरएफमध्ये (केंद्राच्या संस्था-क्रमवारीत) भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात किती मुलं ठरलेल्या वर्षांत पास झाली, किती नोकरीला लागली आणि त्यांच्या पगाराचा मध्य किती, हे तीन वर्षांचं मिळतं. सगळ्यात मोठं पॅकेज एका मुलाचं असतं, मध्य म्हणजे निम्म्या मुलांना त्याहून जास्त. नॅकचा दर्जा संस्थेला असतो, एनबीएची मान्यता शाखेला, म्हणून तुमच्या मुलाच्या शाखेला एनबीए आहे का ते विचारा. आणि आपल्याकडची सरकारी व अनुदानित कॉलेजं वरच्या पर्यायांत ठेवा: संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी १९६० चं, नांदेडच्या विष्णुपुरीतलं श्री गुरु गोविंदसिंगजी १९८१ चं. घरापासून चार तासांवर आणि फी कमी, हे पुण्याच्या नावापायी सोडून देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

कागदांचं. उत्पन्नाचा दाखला आणि ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र दोन्ही चालू आर्थिक वर्षासाठी चालणारी हवीत, तहसीलमध्ये जून-जुलैत गर्दी असते. चार एकर म्हणजे तुम्ही अल्पभूधारकांत येता, त्याचाही दाखला आत्ताच मागून घ्या. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याला तो लागतो आणि तो भत्ता ईबीसीच्या वर मिळतो. खोलीच्या भाड्याची पावती किंवा भाडेकरार जपून ठेवा. महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो. 'आधार लिंक आहे' असं बँकेने सांगितलं म्हणून निश्चिंत राहू नका. लिंक आणि डीबीटीसाठीचं (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठीचं) सीडिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माय-आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडून कोणती बँक दिसते ते मुलाकडून बघून घ्या. शेवटी जे खातं सीड झालं त्यातच पैसे जातात, मग ते बंद पडलेलं जुनं खातं का असेना. अर्ज कॉलेजने परत पाठवला की पोर्टलवर 'सेंड बॅक' दिसतं. दुरुस्त करून पुन्हा पाठवेपर्यंत तो तिथेच पडून राहतो, म्हणून दर आठवड्याला लॉगिन करा. ईबीसीला पात्र मुलाकडून प्रवेशाच्या वेळी अर्धंच शिक्षण शुल्क घ्यावं, असा शासनाचा आदेश आहे. पूर्ण मागितलं तर तसं लेखी मागा.

धाकटी पॉलिटेक्निकला जाणार म्हणालात. तिच्यासाठी एआयसीटीईची (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती बघा: वर्षाला ५०,०००, निवड दहावीच्या मार्कांवर, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत.

आता सात दिवसांचं. पैसे भरलेच तर यूजीसीचे परतीचे नियम तुमच्या बाजूने आहेत, 'नॉन-रिफंडेबल' असं पावतीवर छापल्याने ते रद्द होत नाहीत. पण पैसे परत यायला वेळ लागतो आणि तोवर कॅपची फी भरायची असते. मूळ टीसी किंवा गुणपत्रिका मात्र कोणत्याही विद्यापीठाकडे ठेवू नका. तपासून लगेच परत द्यायची, असं यूजीसीने २०१८ मध्येच बजावलंय. टीसी पुण्यात आणि कॅपचं रिपोर्टिंग नांदेडला, अशी वेळ आली तर हातातली सीट जाते. अडवणूक झाली तर यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार करता येते.

आज त्यांना एवढा मेल पाठवा:

"आपलं शिष्यवृत्तीचं पत्र मिळालं. पुढील बाबी लेखी कळवाव्यात. सूट फक्त शिक्षण शुल्कावर आहे की एकूण फीवर? ती चारही वर्षांसाठी आहे का? पुढे टिकवायला किती सीजीपीए हवा आणि एक विषय राहिला तर काय होईल? फी दरवर्षी किती वाढू शकते आणि सूट वाढीव फीवर मिळेल की आजच्या? कॅपमध्ये सीट मिळून प्रवेश रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती रक्कम परत मिळेल? कॅपच्या पहिल्या फेरीच्या निकालापर्यंत मुदत वाढवून मिळावी."

मुदत वाढवून द्यायला बहुतेक ठिकाणी तयार होतात, मागावी मात्र लागते. फोनवर होकार आला तरी "मेलवर कळवा" म्हणा. आलेलं उत्तर इथे टाका, नाव आणि अर्ज क्रमांक झाकून. आणि पर्यायांची यादी पक्की करण्याआधी तीही टाका, 'टी'च्या कोडसह.