पहिली रोडबाईक (डांबरी रस्त्यावर वेगात चालवायची सायकल) घेतेयस ना, मग हे वाच

अगं, आधी 'लेडीज मॉडेल'च्या मागे लागू नकोस, बऱ्याचदा फरक रंग, सीट आणि हँडलचाच असतो, फ्रेम तीच. साईज मात्र नीट बघ. दुकानदार जो पीस शिल्लक असेल तोच 'बसेल हो मॅडम' म्हणून गळ्यात मारतो, म्हणून चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊच नकोस. हात ब्रेकच्या हूडवर (लिव्हरच्या वरच्या रबरी मुठीवर) ठेव, कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे, खांदे ताणले जात असतील तर ती सायकल तुला लांब पडतेय. स्टेम (हँडल सायकलला जोडणारा छोटा दांडा) बदलून हे अंतर १०-२० मिमी कमी करता येतं पण त्याहून जास्त फरक असेल तर सरळ छोटी साईज बघ. हात लहान असतील तर ब्रेकचा लिव्हर स्क्रू फिरवून जवळ आणून मिळतो, हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही 😄

सीट दुखते म्हणून जाड जेलचं कव्हर घालू नकोस, त्याने उलट जास्त घासतं. बसायच्या हाडांच्या रुंदीची सीट आणि पॅडवाली शॉर्ट घे, आणि हो, तिच्या आत काही घालायचं नसतं.

पुण्यात असशील तर कात्रज, सिंहगड कधीतरी करशीलच, तेव्हा त्या चढांसाठी पुढे ५०/३४ दात्यांच्या दोन चकत्या आणि मागची सगळ्यात मोठी चकती ३२ दाती तरी हवीच. टायर २८ मिमी रुंदीचे बसतात का तेही विचार, आपल्या रस्त्यांवर २३ म्हणजे मणक्याची वाट. कार्बनच्या फ्रेमचं सध्या राहू दे, ॲल्युमिनियम घे आणि उरलेल्या पैशात हेल्मेट, लाईट, पंप.