टाकीच्या श्वासनळीचे तोंड कोणीकडे असावे?

प्रश्न : अमेरिकेतील घराच्या गॅरेजमध्ये मी आरव्ही-७ हे सुट्या भागांच्या संचातून घरी जोडायचे छोटे विमान बांधत आहे. इंधन टाकीच्या व्हेंट नळीचे, म्हणजे टाकीत हवा येण्या-जाण्याच्या नळीचे, तोंड पुढे असावे की मागे? नळीला वर वळसा कशासाठी देतात?

उत्तर : तोंड पुढेच ठेवा. इंजिन जेवढे पेट्रोल ओढते, तेवढी हवा टाकीत शिरली नाही, तर आत पोकळी निर्माण होऊन इंधनाचा प्रवाह मंदावतो आणि पातळ पत्र्याची टाकी चेपूही शकते. विमानाच्या पोटाखाली ४५ अंशांत तिरपे कापलेले तोंड वाऱ्याकडे असले, की १५० नॉट (ताशी सुमारे २७८ किलोमीटर) वेगाला, समुद्रसपाटीच्या हवेत, सुमारे अर्धा पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) जादा दाब मिळतो. हाच दाब पेट्रोलचा साधारण अर्धा मीटर उंच स्तंभ तोलू शकतो. तोंड मागे वळलेले असेल, तर मात्र तेथे शोषण होऊ शकते.

वळसा टाकीतील इंधनाच्या पातळीपेक्षा बराच उंच न्यावा, म्हणजे उतारावर उभ्या केलेल्या विमानाची भरलेली टाकी सायफनने रिकामी होत नाही. नळीत कोठेही खोलगट भाग राहू देऊ नका, कारण तेथे साचलेले पाणी थंडीत गोठून वाट बंद करते. नळीचे टोक केबिनमध्ये तर कधीच सोडू नये.

मला सर्वांत जास्त काळजी कुंभारीण माशीची वाटते. तिच्या मातीच्या घरट्याने एवढीशी नळी सहज बुजते, म्हणून तोंडाला बारीक जाळी बसवा आणि प्रत्येक उड्डाणापूर्वी खाली वाकून ती डोळ्यांनी पाहा.