सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या ‘पोलिश रायडर’ (पोलिश घोडेस्वार) या चित्रातला घोडेस्वार कोण आहे आणि चित्राचा अर्थ काय?

चित्र काढलं गेलं त्या काळातला, या तरुणाचं नाव सांगणारा एकही कागद आपल्याकडे नाही. म्हणून ‘कोण’ या प्रश्नाला अभ्यासकांनी निरनिराळी उत्तरं दिली आहेत. माझ्या मते हे कुणा एका माणसाचं व्यक्तिचित्र नाहीच.

त्या काळी अश्वारूढ चित्र कुणाचं काढलं जायचं? राजाचं, सेनापतीचं, फार तर एखाद्या गडगंज व्यापाऱ्याचं. रुबेन्स आणि व्हेलास्केझ यांची चित्रं पाहा: भलाथोरला कॅनव्हास, मागच्या पायांवर उभा राहिलेला धष्टपुष्ट घोडा आणि एका हाताने त्याला सहज आवरणारा स्वार. ज्याला घोडा आवरतो त्याला राज्यही आवरतं, हे त्यातून सांगायचं असे. रेम्ब्रांटनेही १६६३ च्या सुमारास असं चित्र काढलं, बहुधा फ्रेडरिक रिहेल या अ‍ॅमस्टरडॅमच्या व्यापाऱ्याचं. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि जवळजवळ तीन मीटर उंच आहे.

‘पोलिश रायडर’ त्याच्या आठेक वर्षं आधीचं, साधारण १६५५ चं. उंची सव्वा मीटरही नाही. घोडा रोड आहे, बरगड्यांचा अंदाज यावा इतका. तो उधळलेला नाही, डावीकडून उजवीकडे आपल्या चालीने निघाला आहे. स्वाराच्या अंगात गुडघ्याखाली येणारा फिकट डगला, तांबडी विजार, डोक्यावर फरच्या काठाची टोपी. कमरेला धनुष्य आणि बाणांचा भाता, दोन तलवारी, उजव्या हातात लढाईचा हातोडा. लढायला निघाल्यासारखी सगळी तयारी आहे, पण चेहरा कोवळा आहे. तो आपल्या दिशेला वळलेला असला तरी नजर आपल्यावर ठरत नाही. मागे काळोखा डोंगर, त्यावर गढीसारखी घुमटाची वास्तू, आणि उजवीकडे लांब पाण्याकाठी एक छोटीशी आग. पैसे मोजून स्वतःचं चित्र काढून घेणाऱ्या कुणी असा मरतुकडा घोडा आणि असा अंधार मागितला असता, हे मला पटत नाही.

तरी नावं सुचवली गेली आहेत. हे चित्र १७९१ मध्ये लिथुआनियाचा सरदार मिखाव काझिमिएश ओगिन्स्की याने पोलंडचा राजा स्तानिस्वाव आउगुस्त याला पाठवलं. ओगिन्स्की घराण्यातला एक तरुण रेम्ब्रांटच्या काळात हॉलंडमध्ये शिकायला होता, म्हणून हा तोच असावा, असं एक मत आहे. पण पाठवणाऱ्या ओगिन्स्कीने सोबतच्या पत्रात याला नुसता ‘कॉसॅक’ (युक्रेनकडच्या गवताळ मैदानातला लढवय्या घोडेस्वार) म्हटलं आहे. घरातल्या पूर्वजाचं चित्र कुणी असं पाठवेल का? याच कारणाने ते मत मला कमकुवत वाटतं. दुसरा तर्क पोलिश कला-इतिहासकार यान ब्यावोस्तोत्स्की यांचा. १६५४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये धार्मिक सहिष्णुतेच्या बाजूने एक पुस्तिका निघाली. तिच्या पोलिश लेखकाने ‘पोलिश सरदार’ असं टोपणनाव घेतलं होतं आणि चित्राचा धागा तिच्याशी जोडता येतो, असं त्यांनी मांडलं. बायबलमधला उधळ्या पुत्र, तरुण दावीद, तैमूरलंग हेही सुचवून झाले आहेत. तैमूरचं तर मला अजिबात पटत नाही.

सगळ्यात वजनदार मांडणी कला-इतिहासकार ज्युलियस हेल्ड यांची, १९४४ ची. त्यांच्या मते हा श्रद्धेसाठी लढायला निघालेला ख्रिस्ती योद्धा, एका आदर्शाचं चित्र. त्यांनी घोड्यासाठी रेम्ब्रांटच्याच एका रेखाटनाकडे बोट दाखवलं. ते जर्मनीत डार्मश्टाटच्या संग्रहालयात आहे: घोड्याच्या सांगाड्यावर बसलेला माणसाचा सांगाडा. ते बघून परत या घोड्याकडे पाहिलं की त्याची हाडं जास्तच जाणवू लागतात. मरणाच्या दिशेने निघालेला तरुण, हा अर्थ मला तिथे सापडतो. त्याला धर्माची चौकट घातलीच पाहिजे असं नाही.

मग पोशाख पोलिशच का? १६५५ च्या उन्हाळ्यात स्वीडनने पोलंडवर स्वारी केली. अ‍ॅमस्टरडॅमचं धान्य पोलंडच्या दान्झिग (आजचं ग्दान्स्क) बंदरातून येई, त्यामुळे पोलंडची बातमी तिथे घरची बातमी होती. पुढच्याच वर्षी डच आरमार दान्झिगच्या मदतीला गेलं. शिवाय रेम्ब्रांटच्या बायकोचा चुलतभाऊ, चित्रांचा व्यापारी हेन्ड्रिक अउलेनबर्ख पोलंडच्या क्राकूव शहरात वाढलेला. परक्या मुलखातल्या वेशभूषेचं रेम्ब्रांटला वेडच होतं. याच सुमारास त्याने मुघल लघुचित्रांवरून वीसेक रेखाटनं केली, त्यांत शाहजहानही आहे. म्हणजे हातोडा, भाता, डगला हे सगळं खरं, पण ते घालणारा माणूस कल्पनेतला, असं सहज होऊ शकतं.

हे चित्र रेम्ब्रांटचंच आहे का, असाही वाद झाला. १९८४ मध्ये रेम्ब्रांटचे अभ्यासक योसुआ ब्रुइन यांनी ते त्याच्या विलेम ड्रोस्ट या शिष्याचं असावं असं सुचवलं. नंतर दुसरे अभ्यासक अर्न्स्ट फान द वेटरिंग यांनी चित्र मुळात रेम्ब्रांटचंच, पण काही भाग दुसऱ्या हाताने पुरे केलेले, असा निर्वाळा दिला. आज बहुतेक जण तेच मानतात.

न्यूयॉर्कच्या आसपास असाल तर ते फ्रिक कलेक्शनमध्ये आहे. हेन्री क्ले फ्रिकने ते १९१० मध्ये पोलंडच्या तार्नोव्स्की घराण्याकडून विकत घेतलं. तिथे गेलात तर आधी चेहरा पाहा आणि मग घोड्याचे खूर. खालच्या कडेची पट्टी नंतर जोडलेली आहे, त्यामुळे खुरांवरून या घोड्याच्या चालीबद्दल फार मोठा निष्कर्ष काढू नका.