मोठ्या कॅराव्हॅन ट्रेलरचे टायर आणि रिम बदलायचे आहेत, इनोव्हाचे बसवले तर चालतील का?

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपण घोडबंदर रस्त्याला राहता. आपल्याकडे २४ फुटी, दोन ॲक्सलचा, अमेरिकी बनावटीचा कॅराव्हॅन ट्रेलर आहे आणि त्याला एसटी (स्पेशल ट्रेलर, म्हणजे खास ट्रेलरसाठी बनवलेले) २०५/७५ आर १५, लोड रेंज सी (टायरच्या भारक्षमतेची अमेरिकी श्रेणी) या मापाचे टायर आहेत. मागचा डावा टायर फुटला, बाकीच्या तिघांच्या कडांना भेगा दिसतात आणि तसे टायर इथे कुठे मिळत नाहीत. दुकानदार म्हणतो की पाचच बोल्ट आहेत, इनोव्हाचे अलॉय टायरसकट बसवून टाका.

कृपया बसवू नका. कारण सांगण्यापूर्वी माझी थोडी ओळख देतो, म्हणजे या उत्तराला किती किंमत द्यायची ते आपल्याला ठरवता येईल. मी कळंबोलीत एका वाहतूक कंपनीत २२ वर्षे गाड्यांची देखभाल पाहिली. निवृत्त झाल्यावर खारघरला आपल्यासारखाच, दोन फुटांनी लहान पण त्याच क्षमतेच्या ॲक्सलचा ट्रेलर घेतला आणि मुंब्रा बायपासच्या उतारावर त्याचा टायर फोडूनही घेतला. टायर नुसता बसला असता तर फारसे बिघडले नसते. पण ट्रेडचा, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीचा, पट्टा सुटून चाबकासारखा फिरला आणि त्याने चाकावरचा पत्रा, सांडपाण्याची नळी आणि ब्रेकची वायर असे सगळे ओरबाडून काढले. टायरपेक्षा ती दुरुस्ती महाग पडली.

टायरच्या दुकानात जाण्याआधी ट्रेलर वजनकाट्यावर न्या. कळंबोलीच्या स्टील मार्केटच्या परिसरात काटे आहेत आणि सकाळी लवकर गेलात तर रांग नसते. पाण्याची टाकी, गॅसचे सिलिंडर, भांडी, अंथरुणे असे प्रवासाला नेता तेवढे सगळे सामान आत ठेवून जा. ओढणारी गाडी जोडलेली असू द्या, पण ती काट्याच्या पुढे उतरवून फक्त ट्रेलरची चाके काट्यावर घ्या आणि वजन करा. मग थोडे पुढे सरकून फक्त मागच्या ॲक्सलचे वजन घ्या. शेवटी, काटेवाल्याने परवानगी दिली आणि बाजूची जमीन काट्याच्या पातळीत असली तर, ट्रेलर कडेने असा उभा करा की एकाच बाजूची चाके काट्यावर राहतील. ही शेवटची खटपट बहुतेक जण टाळतात आणि खरी माहिती तिच्यातच असते.

माझ्या ट्रेलरचे दोन्ही ॲक्सल मिळून वजन ३,०५० किलो भरले. पुढच्यावर १,४६० आणि मागच्यावर १,५९०. आपल्या ॲक्सलच्या पट्टीवर ३,५०० पौंड लिहिलेले असेल. ते होतात १,५८८ किलो. म्हणजे मागचा ॲक्सल अगदी काठावर होता, आणि तरीही पावतीकडे पाहून मी निश्चिंत झालो असतो. पण बाजूनिहाय वजन केल्यावर मागच्या डाव्या चाकावर ८७० किलो आणि उजव्यावर ७२० किलो निघाले, कारण स्वयंपाकाचा ओटा, फ्रीज आणि पाण्याची टाकी सगळे डावीकडे होते. आपल्या टायरची कमाल क्षमता १,८२० पौंड, म्हणजे ८२५ किलो, आणि तीही थंड टायरमध्ये पूर्ण ५० पीएसआय हवा असेल तेव्हा. आपलाही मागचा डावाच गेला हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही.

कारखान्यातून आलेले टायर म्हणजे योग्य टायर, असा आपला समज असतो. आपल्या ॲक्सलची क्षमता निम्मी केली तर एका चाकावर ७९४ किलो येतात आणि टायर ८२५ किलोचा. शिल्लक ३१ किलो, म्हणजे जेमतेम चार टक्के. कागदावर हे नियमात बसते. पण दोन ॲक्सल जवळजवळ असलेल्या ट्रेलरला घोडबंदरच्या सेवारस्त्यावर आखूड यू-टर्न घ्यायला लावून बाहेरून पाहा. चाके वळत नाहीत, अक्षरशः आडवी फरफटतात आणि टायरची कड एका बाजूला दुमडल्यासारखी होते. ट्रेलरच्या टायरची कड ताठ का असावी लागते, हे एकदा पाहिले की पुन्हा कोणाला विचारावे लागत नाही. त्यामुळे माझा आग्रह असा की प्रत्यक्ष मोजलेल्या सर्वांत जड चाकाच्या वजनापेक्षा टायरची क्षमता किमान १५ ते २० टक्के जास्त असावी आणि जड सामान हलवून दोन्ही बाजू शक्य तितक्या सारख्या कराव्यात.

आता इनोव्हाकडे वळू. इनोव्हा क्रिस्टाच्या २०५/६५ आर १६ या टायरवर ९५ हा भारनिर्देशांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) असतो आणि त्याचा अर्थ ६९० किलो. शिवाय मोटारीचा टायर ट्रेलरला लावताना त्याची क्षमता १.१० ने भागावी, असा अमेरिकेतला नियम आहे; म्हणजे उरतात ६२७ किलो. आपल्याला ८२५ किलोही अपुरे वाटत असताना हा टायर विचारात घेण्याचे कारणच उरत नाही.

रिमचे प्रकरण याहून फसवे आहे, कारण इथे दुकानदाराचे निम्मे बरोबर आहे. आपल्या ट्रेलरचे पाच बोल्ट बहुधा ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतील आणि क्रिस्टाचेही तेवढ्याच वर्तुळावर असतात. पण टायरच्या दुकानात एवढेच जुळवून पाहतात. मधले भोक इनोव्हाच्या रिमला साधारण ६० मिलिमीटरचे असते आणि ट्रेलरच्या हबचा (चाक ज्यावर बसते तो तुकडा) पुढे आलेला भाग त्याहून जाड असतो, त्यामुळे रिम टेकतच नाही. मग कोणी तरी लेथवर भोक मोठे करून देतो. त्यानंतर ऑफसेटचा प्रश्न येतो. आपल्या ट्रेलरचे रिम बहुधा शून्य ऑफसेटचे आहेत, म्हणजे हबला टेकणारा पृष्ठभाग रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यभागी असतो. मोटारीच्या रिममध्ये तो ४० मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त बाहेरच्या बाजूला असतो, त्यामुळे चाक तेवढेच आत सरकते आणि टायर स्प्रिंगच्या पाट्यांना घासू लागतो. त्यावर उपाय म्हणून स्पेसर, म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये घालायची चकती, सुचवला जाईल. कापलेले भोक, स्पेसर, लांब बोल्ट अशी तडजोडींची उतरंड तीन टनांच्या वजनाखाली रचण्याचे धाडस मी करणार नाही.

बोल्टचे वर्तुळ स्वतः मोजायचे असेल तर शेजारशेजारच्या दोन बोल्टच्या केंद्रांमधले अंतर मोजा आणि त्याला १.७ ने गुणा. ११४.३ च्या वर्तुळाला ते अंतर ६७.२ मिलिमीटर येते. मात्र काही युरोपीय मोटारींच्या ११२ च्या वर्तुळाला ते ६५.८ येते, म्हणजे फरक दीड मिलिमीटरही नाही. शिंप्याच्या टेपवर विसंबू नका, व्हर्निअर वापरा. चुकीचे रिम नट आवळताना बसल्यासारखे वाटते आणि रस्त्यावर सैल होते.

घ्यायचे काय? अमेरिकी एसटी टायर मागवण्याचा नाद सोडावा, असे मला वाटते. जून २०२० पासून मोटारी आणि बस-ट्रकच्या नव्या टायरची आयात परवान्याशिवाय होत नाही, आणि एखादा नग कसाबसा आलाच तरी पुढचा फुटल्यावर जोड कुठून आणणार? आपल्याकडे छोट्या पिकअप आणि टेम्पोंना लागणारे हलक्या व्यावसायिक वाहनांचे रेडियल टायर मिळतात. त्यातले १९५ आर १५ हे माप पाहा. त्याच्यावर १०६/१०४ असा निर्देशांक असला तर पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा ट्रकसारख्या जोडचाकासाठी. आपले चाक एकेरी, म्हणून १०६, म्हणजे ९५० किलो. ७९४ च्या तुलनेत जवळजवळ २० टक्के शिल्लक. उंचीही आपल्या सध्याच्या टायरपेक्षा जेमतेम काही मिलिमीटर जास्त, त्यामुळे चाकाच्या खोबणीत तो सहज मावतो. २२५/७० आर १५ सी, निर्देशांक ११२, हा टायर ११२० किलो पेलतो, पण तो रुंद आहे. आपले रिम अरुंद असेल तर तो त्यावर बसवू नये. कोणत्याही टायरसाठी रिमची किमान आणि कमाल रुंदी कंपनीच्या तक्त्यात दिलेली असते, ती दुकानात मागून पाहा.

इथे अक्षरांचा एक घोळ आहे. मापाच्या शेवटी येणारा 'सी' म्हणजे कमर्शिअल. आपल्या जुन्या टायरवरचा 'लोड रेंज सी' वेगळा. आणि लोड रेंजचे अक्षर सारखे असले तरी वजन सारखे नसते. एसटी २३५/८५ आर १६ आणि एलटी (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या ट्रकचा) २३५/८५ आर १६ हे दोन्ही लोड रेंज ई चे टायर ८० पीएसआयला अनुक्रमे ३,६४० आणि ३,०४२ पौंड पेलतात. अक्षर विसरा, किलो वाचा.

टायर सशक्त घेतला की रिमकडे पाहावे लागते. १९५ आर १५ ला पूर्ण वजनासाठी साधारण ६५ पीएसआय हवा लागते आणि जुने रिम ५० पीएसआयपुरतेच असू शकते. रिमच्या मागच्या बाजूला त्याचे कमाल वजन, कधी कधी कमाल दाबही, ठोकलेला असतो; तारेच्या ब्रशने गंज काढून तो वाचा. वाचता आला नाही किंवा बोल्टच्या भोकांभोवती बारीक चिरा दिसल्या, तर रिमही बदला. खाडीकाठच्या हवेत टायर टेकतो त्या कडेला गंज धरतो आणि तिथून हवा हळूहळू झिरपत राहते. नवे रिम घेताना मी लोखंडीच घेईन. अलॉय दिसते छान, पण लोखंडी रिम खड्ड्यात वाकते तेव्हा निदान दिसते. व्हॉल्व्हही विसरू नका. मोटारीचा साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो. धातूचे, नटाने आवळले जाणारे व्हॉल्व्ह बसवून घ्या.

दुकानात टायर उतरवताना स्वतः हजर राहा आणि प्रत्येकाच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. मला ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका दुकानात चार 'नवे कोरे' टायर दाखवले गेले. तिघांचे आकडे बाहेरच्या बाजूला होते आणि चौथ्याचे भिंतीकडे. फिरवून पाहिला तर तो तीन वर्षे जुना. दुकानदार म्हणाला, "साहेब, वापरलेला नाही ना." मोटारीसाठी मी कदाचित घेतलाही असता. पण ट्रेलरचा टायर झिजून मरत नाही, तो उन्हात उभा राहून म्हातारा होतो. पाच वर्षांनंतर नक्षी कितीही शाबूत असली तरी मी तो बदलतो, म्हणून ती तीन वर्षे माझ्या हिशेबात वजा होतात. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेल्या, टायरचा विचारही करू नका.

बसवताना हवेच्या गनने नट शेवटपर्यंत आवळू देऊ नका. अर्ध्या इंची बोल्टसाठी १२० ते १६० न्यूटन-मीटर इतका टॉर्क पुरतो. तो टॉर्क पान्ह्याने, चांदणीच्या आकाराच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत द्यावा. नव्या रिमचे नट पहिल्या प्रवासात थोडे सैल होतातच. १५, ४० आणि ८० किलोमीटरच्या आसपास पुन्हा तपासा. मी पुण्याकडे निघालो की खालापूरच्या फूड मॉलवर चहाच्या आधी पान्हा काढतो, आणि शेजारच्या गाड्यांतले लोक माझ्याकडे दयेने पाहतात.

हवा सकाळी, टायर थंड असताना, कडेवर लिहिलेल्या कमाल दाबापर्यंत भरावी, मात्र रिमच्या मर्यादेत. प्रवासात दाब वाढला म्हणून हवा काढू नका. ती वाढ हिशेबात धरलेली असते. पेट्रोल पंपावरच्या काही यंत्रांना ६५ जमत नाही, ट्रकच्या टायरवाल्याकडे जमते. वेग ८० च्या वर मी नेत नाही. नायट्रोजनवर पैसे घालवू नका, त्याऐवजी टायरच्या दाबाचा आणि तापमानाचा इशारा देणारे सेन्सर घ्या. माझ्याकडे ते त्या दिवशी असते तर बायपासवरचा प्रसंग टळला असता.

जुने टायर फेकण्याआधी त्यांची झीज मात्र पाहून घ्या. एकच कड खाल्लेली असेल तर गायमुखच्या खड्ड्यांनी ॲक्सल वाकवला असण्याची शक्यता आहे आणि तो सरळ केल्याशिवाय नवे टायरही तसेच जातील. चाके निघालीच आहेत तर बेअरिंगना ग्रीसही भरून घ्या.

स्टेपनीचे आपण काहीच लिहिलेले नाही. तीही बदलावी लागेल, त्याच मापाची आणि त्याच रिमवर. माझी स्टेपनी ट्रेलरच्या मागे कव्हराखाली होती, नवीनच दिसायची. बायपासवर गरज पडली तेव्हा काढून पाहिली तर फुटलेल्या टायरपेक्षा दोन वर्षांनी जुनी निघाली.