बारावीनंतर लगेच जर्मनी?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. मुलगा बारावी सायन्सला आहे, अभ्यासात मध्यम. जेईई मेनचा स्कोअर बेताचाच आला, पण सुट्टीत सीएनसीवर उभा राहिला की जेवायचं विसरतो. एक एजंट म्हणतात, ‘जर्मनीत इंजिनिअरिंग फुकट आहे, बारावीवर थेट अ‍ॅडमिशन करून देतो.’ पाठवावं का? – एक पालक, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

फुकट हे बऱ्यापैकी खरं आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नसते, दर सेमिस्टरला थोडी वर्गणी भरावी लागते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही अलीकडे फी लावली आहे. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटवर (दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात) आधी ठेवावे लागतात. म्हणजे दहा लाखांच्या वरच.

माझी हरकत आहे ती ‘बारावीवर थेट’ला.

जर्मनीत शिक्षण हा सोळा राज्यांचा स्वतंत्र कारभार आहे, पण सांगाडा साधारण एकच. पोरं चौथीपर्यंत एकत्र शिकतात (बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीपर्यंत) आणि मग वाटा फुटतात. काही जण गिम्नाझियम या विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत जातात आणि एकूण बारा-तेरा वर्षांच्या शिक्षणानंतर आबिटूर ही परीक्षा देतात. बाकीचे बरेच जण नववी-दहावीनंतर कामधंद्याच्या शिक्षणाकडे वळतात. दहा वर्षांच्या पोराची वाट ठरवणं मला पटत नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं त्या गावात मी राहतो, त्याचाही परिणाम असेल. पिसा या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे पहिले निकाल २००१ मध्ये आले, तेव्हा आईबापाच्या परिस्थितीवर मुलाचे गुण किती ठरतात हे दिसून खुद्द जर्मनीतही मोठा गदारोळ झाला होता.

तुमच्या कामाचा मुद्दा असा की विद्यापीठाच्या प्रवेशाला आबिटूर लागतं, आणि आपली नुसती बारावी त्याच्या तोडीची धरत नाहीत. मग तीन रस्ते उरतात. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास असेल तर तांत्रिक शाखांना थेट अर्ज करता येतो. तुमच्याकडे ते नाही. दुसरा रस्ता श्टुडिएनकोलेगचा : जर्मन शिकून प्रवेश परीक्षा द्यायची, दोन सेमिस्टर तयारीचा वर्ग करायचा आणि शेवटची परीक्षा पास व्हायची. तिसरा म्हणजे इथे मान्यताप्राप्त कॉलेजात इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष नीट पास होऊन त्याच शाखेला अर्ज करायचा. मी तिसरा निवडेन, कारण काही बिनसलं तरी पोरगं इथे दुसऱ्या वर्षाला असतं. पहिला वा तिसरा रस्ता धरला तरी बॅचलरचे बहुतेक कोर्स जर्मनमध्येच आहेत. ती भाषा सहा महिन्यांत येत नाही.

आणखी एक गोष्ट एजंट सांगत नाहीत. तिथे हजेरीचा जाच सहसा नसतो, पण एटीकेटीचा आधारही नाही. बऱ्याच ठिकाणी एका विषयाला तीनच संधी मिळतात. तिसऱ्यांदा नापास झाला तर नाव कमी होतं, आणि दुसऱ्या विद्यापीठातही सहसा तोच कोर्स घेता येत नाही. मध्यम मुलाच्या बापाने हे आधी माहीत करून घ्यावं.

आता तुमच्या पत्रातलं जेवण विसरणं. अशा मुलासाठी तिथे आउसबिल्डुंग आहे : आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत काम, बाकीचे व्यवसायशाळेत, आणि पहिल्या महिन्यापासून पगार. टर्निंग-मिलिंगच्या कारागिराचा कोर्स साडेतीन वर्षांचा असतो. फौंड्रीचाही वेगळा आहे, जो आपल्या कोल्हापुरात कुणी विचारत नाही याचं मला नवल वाटतं. आधी कंपनीशी करार आणि साधारण बी-१ (म्हणजे मध्यम) पातळीचं जर्मन लागतं. पुढे अनुभव घेऊन माइस्टर (परीक्षा पास झालेला उस्ताद कारागीर) झाला तर जर्मन पात्रतेच्या चौकटीत ते बॅचलरच्याच पातळीवर आहे, आणि विद्यापीठाचा प्रवेशही खुला होतो. ‘आयटीआयसारखंच ना?’ असं पाहुणे म्हणतील. म्हणू द्यात. मात्र इथल्या नोकरीत हा कागद डिग्री म्हणून चालणार नाही. परत येऊन तो शॉप बघणार असेल तर डिग्री विचारणार कोण? तिथे जाऊन डिग्रीच घ्यायची ठरली, तर मोठ्या विद्यापीठापेक्षा होखशूले, म्हणजे प्रत्यक्ष कामावर भर देणारी उच्चशिक्षण संस्था, बघा. तिथल्या प्राध्यापकांना उद्योगातला अनुभव असावा लागतो, आणि कोर्समध्ये कंपनीतलं काम असतं.

तेव्हा या वर्षी सीईटीचे कॅप राउंड सोडू नका, आणि त्याच महिन्यात जर्मनचा ए-१ (अगदी सुरुवातीचा) वर्ग लावा. आउसबिल्डुंग की डिग्री हे त्याला स्वतःला ठरवू द्यात. पत्रात त्याचं म्हणणं कुठे आलेलं नाही. डिग्रीचं ठरलं तर वेळापत्रक सांभाळा : हिवाळी सेमिस्टरचे बरेच अर्ज १५ जुलैला बंद होतात, आपला प्रथम वर्षाचा निकाल तेव्हा हातात असेलच असं नाही. विद्यार्थी व्हिसाला लागणारं एपीएस (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) प्रमाणपत्रही मार्कशीटवरूनच मिळतं. त्यात सहा महिने-वर्ष गेलं तर जाऊ द्या, भाषा पक्की होईल.

एजंटाला पैसे देण्याआधी संस्थेचं नाव लिहून घ्या आणि डीएएडी या परदेशी विद्यार्थ्यांना माहिती देणाऱ्या जर्मन संस्थेच्या वेबसाइटवर ती सरकारी आहे की खासगी ते बघा. खासगी असेल तर ‘फुकट’चा विषय तिथेच संपतो.